मिग-१५ शेपटीवर बसतंय, आणि धड उघडायचं नाहीये

धाकटा_४८

नमस्कार मंडळी. माझ्याकडे मिग-१५ बिस या जुन्या सोव्हिएत लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं १:४८ किट आहे (खऱ्याच्या ४८ पट लहान), अर्धवट जोडलेलं. ते माझ्या दादाने सुरू केलं होतं. दादा आता नाही. खोका इतकी वर्षं माळ्यावर होता, गेल्या महिन्यात खाली काढला.

त्याने कॉकपिट रंगवून धडात बसवलंय आणि धडाचे दोन्ही भाग चिकटवलेत. जोड इतका सुंदर आहे की नख फिरवलं तरी अडकत नाही. पंख, शेपटी, चाकं अजून सुटी आहेत. सूचनांच्या कागदावर प्रत्येक पायरीपुढे त्याने पेन्सिलीने बरोबरची खूण केलीय. फक्त एका चौकटीपुढे खूण नाही: ‘नाकात वजन ठेवा’.

मी सगळे भाग टेपने तात्पुरते लावून पाहिले. विमान नाक वर करून शेपटीवर बसतं. नाकातून वजन सरकवावं तर तिथे हवेचं तोंड आहे, मधोमध उभी भिंत, आतलं सगळं बाहेरून दिसतं. ब्लेडने जोड उकलता येईल हे मला कळतं, पण तो जोड मला मोडायचा नाही. दुसरा काही मार्ग आहे का?

आणखी दोन गोष्टी. डेकलचा, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील आकडे-खुणांचा, कागद पिवळा पडलाय. आणि डॅशबोर्डवर मधोमध वरून खाली एक पांढरी रेघ गेलीय, बहुतेक ब्रश घसरला असावा. काचेचं झाकण अजून लावलेलं नाही, तेव्हा ती काळ्या रंगाने झाकू का?

चिमटा आणि गोंद

ती रेघ झाकू नका! आधी एवढं वाचा, बाकीचं नंतर.

ब्रश घसरलेला नाही. खऱ्या मिग-१५ च्या पॅनेलवर अशी उभी पांढरी रेघ रंगवलेली असायची. विमान स्पिनमध्ये सापडून गरगरत खाली येऊ लागलं की वैमानिकाला दिशेचं भान राहत नाही, विमान चालवायचा दांडा नेमका मध्यावर आहे की नाही हे हाताला कळत नाही. तेव्हा दांडा त्या रेघेच्या रोखाने पुढे ढकलायचा. तुमच्या दादाने कुठला तरी फोटो नीट पाहून, १:४८ मध्ये, एवढ्याशा पॅनेलवर ती रेघ ओढलीय. मी स्वतः तीन मिग बांधले आणि पहिल्या दोनांत ती ओढायची राहिली.

आता वजन. तुमच्या किटमध्ये नाकाखालचा तोफांचा तळ वेगळा भाग आहे का? असेल आणि अजून चिकटवला नसेल तर काम झालं. खऱ्या विमानातही ३७ मिमीची एक आणि २३ मिमीच्या दोन अशा तिन्ही तोफा एकाच ताटावर बसवलेल्या होत्या. ते अख्खं ताट तारांवरून खाली उतरवून जमिनीवर तोफांची देखभाल करायचे. तीच वाट तुम्हाला मोकळी आहे.

तळाच्या त्या मोकळ्या जागेतून आत पाहिलंत तर हवेच्या नळीच्या दोन्ही अंगांना, नळी आणि बाहेरची कातडी यांच्यामध्ये पोकळी दिसेल. वजन तिथे भरा, आणि होता होईल तेवढं पुढे. मुख्य चाकांपासून ५ सेंमी पुढे ठेवलेला एक ग्रॅम अडीच सेंमीवरच्या दोन ग्रॅमचं काम करतो. खुर्चीच्या मागे जागा भरपूर दिसते, पण ती चाकांच्या जवळजवळ डोक्यावर येते, तिथे भरलेलं वाया जातं.

किती भरायचं ते अंदाजाने ठरवू नका. पंख, शेपटी, झाकण सगळं टेपने लावा. मुख्य चाकं जिथे टेकतात त्या रेषेवर पंखांखाली एक गोल पेन्सिल आडवी ठेवा. नाकाखाली टेपची छोटी पिशवी करून तिच्यात एकेक छर्रा टाकत जा. नाक खाली गेलं की छर्रे मोजा आणि वर पाचवा हिस्सा आणखी घ्या. रंग, पुट्टी, वार्निश यांचंही वजन होतं, आणि या विमानाची उंच शेपटी त्यातलं बरंच मागे ओढते.

शिशाचे छर्रे घेणार असाल तर पांढऱ्या गोंदात मुळीच बसवू नका. त्या गोंदातल्या आम्लाने शिशावर पांढरी भुकटी धरते, ती हळूहळू फुगते आणि काही वर्षांनी आतूनच जोड उकलते. जो जोड तुम्हाला जपायचाय तोच जाईल. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद वापरा, तोही थोडा थोडा, दोन-तीन थरांत. एकदम मोठा गोळा ओतला तर घट्ट होताना तो तापतो. शिसं हाताळताना हातमोजे घाला.

करडा प्रायमर

वर सांगितलंय ते पटलं. फक्त मी शिशाऐवजी टंगस्टनची पुट्टी घेईन. शिशाची घनता ११.३ ग्रॅम प्रति घन सेंमी, टंगस्टनची १९.३. पुट्टीत रबरासारखं काही मिसळलेलं असल्याने ती शुद्ध धातूइतकी जड नसते, पण चिमट्याने कोपऱ्यात दाबून बसवता येते. बेअरिंगच्या पोलादी गोळ्याही चालतील, ७.८, जागा जास्त खातात एवढंच.

डेकलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा, छापलेली बाजू बाहेर. चार-पाच दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. मग एक नको असलेलं डेकल पाण्यात टाकून पाहा. तुकडे झाले तर पूर्ण कागदावर पारदर्शक वार्निशचा हात द्या आणि प्रत्येक डेकल कडेने कापून घ्या.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. आरशासारखं चकाकवू नका. या विमानांच्या अ‍ॅल्युमिनियमवर पारदर्शक लाखेचा थर असायचा, त्यामुळे चमक मंद आणि एकसारखी दिसते. चकचकीत काळ्या प्रायमरवर चढवायचा क्रोम रंग इथे खोटा वाटतो. चंदेरी रंग लावण्याआधी धड पातळ करड्या प्रायमरखाली एकदा बघाच, चंदेरी रंग एकही ओरखडा लपवत नाही. आणि पंखांवरच्या चारही उभ्या पट्ट्या रंगाआधी बसवा, नंतर त्यांच्या बुडाशी गोंदाचे डाग पडतात.

धाकटा_४८

दोघांचे मनापासून आभार. त्या रेघेचं वाचून मी किट तसंच खोक्यात ठेवलं आणि दोन दिवस हात लावला नाही. मी काळ्या रंगाची बाटली उघडली होती.

तोफांचा तळ वेगळाच आहे आणि सुटाच होता. कदाचित दादाच्या मनात तिथूनच वजन घालायचं असेल, ती चौकट म्हणून राहिली असेल. पेन्सिलीवर तोलून पाहिलं, नाक १६ ग्रॅमला खाली गेलं. १९ ग्रॅम घेतले. पुट्टी मिळाली, तीच दोन्ही बाजूंना दाबून वर इपॉक्सी दिला. रात्रभर नाक खाली करून ठेवलं.

डेकल खिडकीत आहेत. त्या कागदावर दादाने २०५७ या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केलाय. या आकड्याचं काही विशेष आहे का?

चिमटा आणि गोंद

विशेष आहे. २०५७ म्हणजे उत्तर कोरियाचा वैमानिक नो कुम-सोक ज्या विमानातून पळून आला ते. तारीख २१ सप्टेंबर १९५३, कोरियन युद्धात युद्धविराम होऊन दोन महिनेही झाले नव्हते. प्याँगयांगजवळच्या सुनानहून उडून तो दक्षिणेतल्या किम्पो तळावर उतरला, तेही धावपट्टीच्या उलट्या टोकाकडून. समोरून एक सेबर, म्हणजे अमेरिकी लढाऊ विमान, उतरत होतं. ते विमान पुढे ओकिनावाला नेऊन अमेरिकी चाचणी वैमानिक चक यीगर वगैरे मंडळींनी उडवून तपासलं. आज ते ओहायोत डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

म्हणजे फोटो मुबलक मिळतील. फक्त संग्रहालयातला आजचा रंग पाहून रंगवू नका, १९५३ चे फोटो शोधा. नाकाचा रंग, आकड्याची जागा, ताऱ्याचा आकार, सगळं त्यांच्यावरून ताडून घ्या.

धाकटा_४८

मग २०५७ च लावतो.

आज चाकं चिकटवली. पुढचं चाक टेबलावर टेकलंय, शेपटीला बोट लावून सोडलं तरी परत खाली येतं. सूचनांच्या कागदावरची ती चौकट मी पेन्सिलीने भरली, त्याच्यासारखीच खूण करून. उद्या पंखांवरच्या पट्ट्या.