कॅमेरा आला तरी दोरे राहणारच

‘हा चमकणारा कॅमेरा आला की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची वाट बघायला नको’ असं स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनबद्दल एकाने लिहिलंय, ते पटलं नाही. त्या कॅमेऱ्यात कॅन्सरच्या पेशी चमकवणाऱ्या लुमिसाइट या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) एप्रिल २०२४ मध्ये मान्यता दिली ती गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत काही राहिलंय का, हे बघायला. औषध कॅमेऱ्याने बघण्याच्या २ ते ६ तास आधी शिरेतून देतात. चमकेल तिथलं सर्जन आणखी थोडं कापतो. काढलेलं सगळं लॅबला जातंच. आणि तीव्र अ‍ॅलर्जीचा ठळक इशाराही आहे त्या औषधावर.

सोलापुरात मावशीच्या वेळी डबी लॅबला मीच नेली. भावाच्या स्कूटरवर मागे बसून, सात रस्त्याच्या गर्दीतून, दोन्ही हातांनी धरून. फॉर्मॅलिनमध्ये लिंबाएवढा गोळा, कुठली बाजू कुठे हे लॅबला कळावं म्हणून त्याला दोन दोरे: आखूड वरच्या बाजूला, लांब काखेकडे. नवव्या दिवशी रिपोर्ट आला, लांब दोऱ्याकडची कड पॉझिटिव्ह, म्हणजे तिथे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सर होता. दुसऱ्या ऑपरेशनला तेवढीच बाजू काढली. फ्रोझन सेक्शन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासणं, का नाही केलं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, चरबी नीट गोठत नाही हो, काप फाटतात.