मदत हवी आहे: न छापलेल्या बातम्यांवरून वृत्तपत्राचा कल कसा मोजायचा?

एका ऑनलाइन वृत्तपत्राचा राजकीय कल आणि विश्वासार्हता वेगवेगळी तपासायची आहे. कल असूनही तथ्यं चोख असू शकतात. अग्रलेख वगळून फक्त बातम्या घेतल्यात. मथळा मजकुराशी जुळतो का, किती स्रोत नावानिशी आहेत, ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू कितव्या परिच्छेदात येते, दुरुस्तीची तारखेसह नोंद आहे का, हे पाहतो. मथळे गुपचूप बदलतात, म्हणून वेबॅक मशीनवरच्या (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारं संकेतस्थळ) जुन्या प्रतीही ताडतो.

घोडं अडतं ते न छापलेल्या बातम्यांपाशी. काय छापायचं राहिलं हे ठरवायला एकाच वृत्तसंस्थेच्या बातम्यांची यादी आधार धरली तर तिचाच कल मोजमापात शिरतो. दोन-तीन संस्थांची सामाईक यादी घेतली तर स्थानिक विषय गळतात. मग आधार कशाचा धरावा? शिवाय त्याच बातम्या तपासणाऱ्या दोघांच्या स्वतंत्र नोंदींत कोहेन्स कॅपा (योगायोग वजा करून दोघांचं किती जुळतं ते सांगणारा आकडा) कितीच्या खाली गेला की निकषच पुन्हा लिहावेत?