निवडणुकीच्या तोंडावर चर्चच्या पुलपीटवरून (व्यासपीठावरून) काय बोलावं, काय नाही?

रास्तापेठ_वाचक:
निवडणूक जवळ आली की पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) दोन गोष्टी हमखास सुरू होतात. उमेदवार रविवारच्या उपासनेला येऊन "दोनच मिनिटं बोलू द्या" म्हणतात, आणि व्हॉट्सअॅपवर अमेरिकेतल्या पाळकांचे व्हिडिओ फिरतात: खरा विश्वासणारा असाल तर मत याच पक्षाला. तरुण मुलं विचारतात, तिथे चालतं तर इथे का नाही? चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीपुढे ठेवायला नेमकी माहिती हवी आहे.

कलम_आणि_कागद:
आचारसंहिता लागायची वाट बघू नका. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा, 1988 बाराही महिने लागू असतो. कलम 3 प्रमाणे चर्चची जागा, कलम 5 प्रमाणे चर्चचा पैसा आणि कलम 6 प्रमाणे चर्चने भरवलेला मेळावा किंवा मिरवणूक, यांपैकी काहीही राजकीय कामाला देता येत नाही. व्याख्येत स्थानिक संस्थांची निवडणूकही धरली आहे, म्हणजे नगरसेवकपदाचा उमेदवारही आला. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. आणि हे नीट लक्षात घ्या: कायद्याचा रोख माईक घेणाऱ्यापेक्षा माईक देणाऱ्यावर आहे. कारभार ज्याच्या हातात, मग तो पाळक असो वा सेक्रेटरी, तो दोषी ठरला तर पद जातं आणि 6 वर्षं दुसऱ्या कुठल्याही धार्मिक संस्थेत कारभारी होता येत नाही.

लोकसभा-विधानसभेला याशिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 आहे. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने धर्माच्या नावावर मत मागणं हे कलम 123(3) खाली भ्रष्ट आचरण ठरतं. 2 जानेवारी 2017 रोजी सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं की यात मतदाराचा धर्मही येतो. "मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल" असं भासवणं कलम 123(2) मध्ये येतं.

मुठेकाठचा_अभ्यासक:
"तिथे चालतं" हे अर्धंच खरं आहे. 1954 मध्ये सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी तिथल्या करकायद्यात दुरुस्ती आणली: करमाफी घेणाऱ्या संस्थेने, चर्चनेसुद्धा, उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायचा नाही. मोडलं तर करमाफी जाते, तुरुंग नाही. अंमलबजावणी मात्र कायम ढिली. न्यूयॉर्क राज्यातल्या एका चर्चने 1992 मध्ये क्लिंटनविरोधी जाहिरात वर्तमानपत्रांत दिली, तिची करमाफी 1995 मध्ये काढली गेली आणि 2000 मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय कायम केला. अशी प्रकरणं फारच थोडी. जुलै 2025 मध्ये तर करखात्यानेच कोर्टापुढे भूमिका मांडली की उपासनेत आपल्या सभासदांशी बोललेलं यात धरू नये.

पण मुलांना सांगायची खरी गोष्ट वेगळी आहे. तिथल्या गोऱ्या चर्चची रिपब्लिकन पक्षाशी असलेली युती बायबलमधून उगवलेली नाही, माणसांनी बांधलेली आहे. सदर्न बॅप्टिस्ट या तिथल्या मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाने 1971 मध्ये ठराव करून काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी असं म्हटलं होतं. 1976 मध्ये निवडून आलेले जिमी कार्टर डेमोक्रॅट होते आणि संडे स्कूलचे शिक्षकही. त्याच सुमारास करखातं वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शिक्षणसंस्थांची करमाफी काढू लागलं. बरेच इतिहासकार या मंडळींच्या राजकीय संघटनेची पहिली ठिणगी तिथे पाहतात. 1979 मध्ये पाळक जेरी फॉलवेल यांची मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना उभी राहिली, 1989 मध्ये टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांची ख्रिश्चन कोअलिशन.

कोअलिशनचं हत्यार होतं एक साधा कागद. निवडणुकीआधीच्या रविवारी तो चर्चमध्ये वाटला जायचा. दोन उमेदवार शेजारी-शेजारी, विषयांची यादी आणि प्रत्येकासमोर "पाठिंबा" किंवा "विरोध". अमुक याला मत द्या असं एक अक्षर नाही. सगळी करामत विषय निवडण्यात: गर्भपात आणि करवाढ यादीत, गरिबांची मजुरी यादीबाहेर. प्रश्नाचे शब्दही असे की उत्तर आधीच ठरलेलं. आपल्या ग्रुपवर असं "तुलनापत्रक" आलं तर आधी काय गाळलंय ते बघा. 2016 मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) मतदारांपैकी सुमारे 80 टक्के ट्रम्प यांच्याकडे गेले; तेच बायबल वाचणाऱ्या काळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी बहुसंख्येने उलट मत दिलं. हा एकच मुद्दा तरुणांसमोर ठेवला तरी चर्चा ताळ्यावर येते.

वडगावशेरीची_ताई:
गफलत होते ती पाळकांच्या संदेशात (प्रवचनात) नव्हे, सूचनांच्या वेळी. सेक्रेटरी म्हणतात, "आज आपल्यामध्ये अमुक साहेब आलेत", टाळ्या पडतात, माईक आपोआप पुढे जातो. म्हणून कमिटीत आधीच लेखी ठराव करा: उमेदवाराचं नाव पुकारायचं नाही, शाल-श्रीफळ नाही, वेदीपाशी फोटो नाही. माणूस आला तर बाकावर बसवा, प्रभूच्या घरातून कुणाला हाकलायचं नसतं. बायबलमधल्या 1 तीमथ्य 2 प्रमाणे अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना जरूर करा, पण पदाचं नाव घेऊन. "अमुक भाऊंना विजय दे" ही प्रार्थना नव्हे, प्रचार झाला. मतदार नोंदणीचा फॉर्म 6 आणि पत्ता बदलायचा फॉर्म 8 भरायला मदत करता येते, समोरचा कोणाला मत देणार हे न विचारता.

रास्तापेठ_वाचक:
ताई, उमेदवाराने चर्चच्या हॉलसाठी खुर्च्या देऊ केल्या तर?

वडगावशेरीची_ताई:
निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत नाहीच. एरवी घेतल्या तर ट्रस्टची पावती, मिनिट्समध्ये नोंद, आणि खुर्चीच्या पाठीवर नाव रंगवू द्यायचं नाही. "दादांच्या सौजन्याने" लिहिलेल्या खुर्च्या पुढच्या निवडणुकीतही त्याच हॉलमध्ये मांडलेल्या असतात. आधीच रंगवून आणल्या असतील तर टेम्पोतून उतरवूनच घेऊ नका.