मुरघास म्हणजे सडका चारा, हे कोणी ठरवलं?

प्रवराकाठ:
काल एका गटात एका गृहस्थांनी लिहिलं, "मुरघास हा सडवलेला चारा आहे. कडबा सोडून तो घालायला लागलो म्हणूनच गाई उलटायला लागल्या, भरवल्या तरी गाभण राहत नाहीत." लोक ते डोळे झाकून पुढे पाठवतायत. अहो, सडणं वेगळं आणि आंबणं वेगळं. मुरघास म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा. मका चिकात असताना कापायचा, बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात किंवा बॅगेत थर तुडवून हवा काढायची आणि तोंड घट्ट बंद करायचं. दीडेक महिन्यात लॅक्टिक आम्ल तयार होऊन सामू (पीएच) ४ च्या आसपास उतरतो, मग कुजवणारे जंतू त्यात टिकत नाहीत. आंबूस वास, पिवळसर हिरवा रंग. काळा पडला, उग्र वास मारू लागला तर तो करणाऱ्याचा दोष. आणि गाय उलटण्याची कारणं माज न ओळखणं, खनिज मिश्रण न देणं, गर्भाशयाचा दाह, अशी डझनभर आहेत. सगळं खापर एका चाऱ्यावर कशाला?

माणदेशी:
तुमच्याकडे पाटाचं पाणी आहे, मका तुमचा, खड्डा तुमचा. आम्ही मुरघासाच्या बॅगा विकत घेणारे. दुष्काळात एका व्यापाऱ्याकडून घेतल्या. कणसं आधीच मोडून विकलेली, आत नुसती ताटं. वजन भरायला पाणी मारलेलं. मधोमध निळी बुरशी. म्हशींनी तोंड फिरवलं, दूध निम्म्यावर आलं. काही बुरशींचं विष दुधात उतरतं, हे तुम्हालाही माहीत आहे. मालदांडी ज्वारीच्या कडब्याची गंजी नीट लावली तर पुढच्या सालापर्यंत हलत नाही, आणि त्यात कोणी पाणी मारून विकत नाही.

सीनाकाठची सून:
कडब्याचे गोडवे गाणाऱ्या दादांनी एकदा ज्वारी उपटायला यावं. रब्बीची ज्वारी मुळासकट उपटायची, तीही भुई कडक झाल्यावर. तळहात फाटतात, संध्याकाळी भाकरी थापताना मीठ झोंबतं. मग कणसं खुडा, पेंढ्या बांधा, गंजीपर्यंत डोक्यावर वाहा. आमच्या सासूबाईंची कंबर त्यातच गेली. मुरघासाचा खड्डा भरला तेव्हा दोन दिवस सगळं घर राबलं, पण त्यानंतर रोज पहाटे विळा घेऊन बांधावर जाणं थांबलं. गायीला काय मानवतं यावर एवढं लिहिता, बाईला काय झेपतं यावर एक ओळ नाही.

माणदेशी:
ताई, उपटणीचे हाल आमच्या घरातही आहेत, ते मला नका सांगू. मजूर मिळेना म्हणून लोकांनी हार्वेस्टर घातले. धान्य पोत्यात आलं आणि कडब्याचा भुगा रानात. आता अख्खा कडबा सोन्याच्या भावात आहे. ज्वारी गेली, तिथे ऊस आणि कांदा आला. आधी ज्वारी घालवली आणि आता कडबा नाही म्हणून मुरघास घ्या म्हणता.

सीनाकाठची सून:
ज्वारी आम्ही घालवली नाही. तिला भाव कोणी दिला नाही. ज्या पिकात राबून हातात काही उरत नाही, ते आम्ही तुमच्या गंजीसाठी पेरत राहायचं का?

पंचगंगा:
तुम्ही दोघं कडब्यावर भांडताय. आमच्या पट्ट्यात उसाचं गळीत सुरू झालं की वाढ्यांशिवाय, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांशिवाय, गोठ्यात काही नसतं. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, मग व्यायल्यावर गाय बसते ती उठत नाही. चुन्याची निवळी शिंपडा म्हणून घसा कोरडा केला, ऐकतो कोण? मुरघासाला विष म्हणणाऱ्यांनी आधी वाढ्यांबद्दल बोलावं.

गुरांचा डॉक्टर:
मूळ मुद्द्यावर येतो. आंबवण चोख असलं तरी नुसता मुरघास आणि वर भरपूर पेंड चालणार नाही. लांब सुका चारा नसला की रवंथ घटतो, लाळ कमी सुटते, पोटात आम्ल वाढतं. दुधाची फॅट पडते, गाय लंगडायला लागते. मोठ्या संकरित गाईला १५-२० किलो मुरघास ठीक, पण सोबत ४-५ किलो कडबा किंवा दुसरी वाळलेली वैरण हवीच. ३.५ च्या खाली फॅट गेली की डेअरी भाव कापते, मग लोक मला बोलावतात.

प्रवराकाठ:
सुका चारा लागतो हे मी नाकारलं कुठे?

माणदेशी:
तुमच्या पहिल्या लिहिण्यात त्याचा एक शब्द नव्हता. डॉक्टर बोलले तेव्हा आठवला.

प्रवराकाठ:
बरं, लिहायला हवं होतं. पण तुम्हीही माना, तुमचं भांडण व्यापाऱ्याशी आहे, मुरघासाशी नाही. बॅग फोडून मूठभर घ्या आणि दाबा. पाणी गळलं तर ओला, मूठ उघडताच भुगा झाला तर वाळलेला. आत दाणे दिसतायत का पाहा. नाहीतर घेऊ नका.

माणदेशी:
चांगला केलेला मुरघास गाय खाते, एवढं मानतो. तुमच्या गोठ्यातला असेलही चांगला. पण वैशाखात दावणीला जनावरं हंबरत असतात, पैसे आधी मोजून घेतलेले असतात आणि बॅगा रात्री उतरतात. पैसे देण्याआधी बॅग फोडू देणारा एक व्यापारी मला आमच्या तालुक्यात दाखवा.