चार मतांचं एकच गाठोडं

उंबरठा:

ऑफिसात कॉफी पिता पिता सहज बोलून गेलो की जर्मनीने चालती अणुवीज केंद्रं बंद करून आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. शेजारच्या सहकाऱ्याने कप खाली ठेवला. ‘अच्छा, म्हणजे तू रिपब्लिकन!’ अणुभट्टीतून थेट मतपेटीत. पुढच्या दोन मिनिटांत त्याने हेही ठरवून टाकलं की मी कुठलं चॅनल बघत असणार आणि बायकांच्या नोकऱ्यांबद्दल माझं मत काय असणार.

गंमत अशी की अंदाज फारसा चुकला नव्हता. (चॅनल मात्र चुकलं. मी टीव्ही बघतच नाही.) तेव्हा कबूल करून टाकतो: अमेरिकेत वीस वर्षं राहून मी इथल्या अर्थाने कॉन्झर्वेटिव्ह झालोय. पण ऊर्जा, मीडिया, राजकारण आणि बायका-पुरुषांच्या भूमिका यांवरची माझी चार मतं मी कुणाच्या दुकानातून बांधून आणलेली नाहीत. त्यांचं मूळ एकच आहे. लांब बसून कागदावर इतरांचं आयुष्य आखणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

ऊर्जा घ्या. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला आणि काही महिन्यांत जर्मनीने अणुऊर्जा सोडायचं ठरवलं. शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या. तेव्हाही त्याच देशात कोळसा जळत होता! कोळशाच्या धुराने माणसं रोज मरतात, पण गुपचूप मरतात, त्यामुळे त्याची बातमी होत नाही. उलट फ्रान्सने १९७४ मध्ये अणुऊर्जेचा मार्ग धरला, आणि आज त्यांची साधारण दोन तृतीयांश वीज तिथूनच येते.

मीडिया: निक्सनचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू १९६९ मध्ये आयोवातल्या डि मॉइन इथे बोलले होते की देशाने संध्याकाळी काय बघायचं हे डझनभर माणसं ठरवतात. तेव्हा टीव्ही नेटवर्क होती तीन. आज चॅनलं शेकड्यांनी आहेत, पण बातमी ठरवणारी माणसं अजून त्याच दोनचार शहरांतली, एकमेकांच्या लग्नाला जाणारी.

राजकारणाबद्दल थोडक्यात: अधिकार वॉशिंग्टनकडे कमी, राज्यांकडे जास्त.

आणि बायका-पुरुषांच्या भूमिका. इथे सगळे तुटून पडणार हे माहीत आहे, तरी लिहितो. कायद्यापुढे दोघं सारखेच. पण घर सांभाळणारी बाई म्हणजे ‘काही करत नाही’ ही समजूत सनातन्यांनी आणलेली नाही. ती आधुनिकांची देणगी. घर चालवणं हे काम आहे. कामातून उरलेल्या वेळात करायची गोष्ट नाही ती.

चौकस:

अहो उंबरठा, मांडणी छान, फक्त तुमची दोन्ही उदाहरणं तुमच्याच विरोधात साक्ष देताहेत.

फ्रान्सचा १९७४ चा निर्णय कसा झाला? तेलाचे भाव भडकले आणि पंतप्रधान मेसमेर यांच्या सरकारने पॅरिसमध्ये बसून, संसदेत धड चर्चाही न करता, देशभर अणुभट्ट्या उभारायचं ठरवलं. वीज कंपनी सरकारी, आराखडा सरकारी. लांब बसून कागदावर केलेली आखणी म्हणतात ती हीच. आणि जर्मनीत? तिथे अणुविरोधी चळवळ गावागावांतून उठली होती. लोकांनी मोर्चे काढले, मतं फिरली, सरकार झुकलं. म्हणजे जे खालून आलं ते तुम्हाला नको आणि जे वरून लादलं ते हवं!

शिवाय २०११ चा निर्णय कुणाचा? अँगेला मर्केल यांचा. पक्ष ख्रिश्चन डेमोक्रॅट, म्हणजे तिथले कॉन्झर्वेटिव्हच. बाई स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. सहा-सात महिने आधी याच सरकारने भट्ट्यांचं आयुष्य वाढवलं होतं.

तुमच्याच पक्षाचा इतिहास काढला तर गाठोडं आणखी सुटतं. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए १९७० मध्ये निक्सनच्या काळात उभी राहिली. पवनऊर्जेची करसवलत १९९२ मध्ये आणण्यात पुढाकार घेतला तो आयोवाच्या रिपब्लिकन सिनेटर ग्रासलींनी. अ‍ॅग्न्यूंनी जिथे भाषण ठोकलं त्या आयोवात आज निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर होते. तेव्हा पवनचक्की डावी आणि अणुभट्टी उजवी हे वाटप ना वाऱ्याने केलंय ना युरेनियमने.

(अ‍ॅग्न्यूंना पुढे करचुकवेगिरीच्या प्रकरणात १९७३ मध्ये राजीनामा द्यावा लागला, हे जाता जाता.)

उंबरठा:

फ्रान्सचा मुद्दा लागला. मान्य.

तर मूळ जरा दुरुस्त करून मांडतो. आखणी कुणी केली यापेक्षा चालतं ते मोडायची घाई मला खटकते. कुंपण कशासाठी घातलंय ते कळल्याशिवाय उपटू नये. जर्मनीतल्या भट्ट्या बांधून झाल्या होत्या, पैसा ओतून झाला होता, वीज येत होती. त्या मोडण्यात शहाणपण काय? आणि अ‍ॅग्न्यू चोर निघाले म्हणून डझनभर माणसांचं गणित खोटं ठरत नाही.

चौकस:

म्हणजे गोल पडल्यावर गोलपोस्ट हलवला. ठीक, नवीन जागी खेळू. कोळशाच्या खाणीही चालतच होत्या. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडून त्या बंद करायचा सपाटा लावला तेव्हा तुमचे कॉन्झर्वेटिव्ह टाळ्याच वाजवत होते ना? त्या खाणगावांच्या कुंपणाचं काय?

ह्यूस्टनकर:

मी राजकारणावर लिहीत नाही, पण इथे राहवलं नाही.

फेब्रुवारी २०२१. टेक्सासमधली ती कडाक्याची थंडी. आमच्याकडे वीज गेली ती पहाटे दोनला. सांगितलं होतं की आळीपाळीने जाईल. आळी आमची आली, पाळी काही संपली नाही. साठ तास. नळ फुटू नयेत म्हणून बारीक धार सोडून ठेवली होती, तरी गॅरेजवरचा पाइप फुटलाच. मग पाणीही बंद. मुलांनी अंगणातला बर्फ बादल्यांनी आणून बाथटबमध्ये टाकला, तो वितळेल त्यातून फ्लश. फोन चार्ज करायला गाडीत जाऊन बसायचं, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून, कारण आत धूर कोंडून माणसं गेल्याचं कानावर आलं होतं.

आणि त्याच गाडीत, त्याच फोनवर, राज्यातले मोठे नेते टीव्हीवर सांगताना दिसले की पवनचक्क्या गोठल्या म्हणून हे झालं. एक फोटोही फिरत होता: हेलिकॉप्टरमधून पवनचक्कीचं बर्फ काढताहेत. मी स्वतः तो तिघांना पाठवला. नंतर कळलं की फोटो स्वीडनचा, आणि तोही जुना.

खरं काय होतं? पवनचक्क्या गोठल्या, हे खरंच. पण सगळ्यात मोठी तूट पडली ती नैसर्गिक वायूची. विहिरी गोठल्या, वाहिन्या गोठल्या, केंद्रं गोठली. उंबरठासाहेब, एक अणुभट्टीसुद्धा बंद पडली, पाण्याच्या पंपाला जोडलेली सेन्सरची नळी गोठून. ग्रिड, म्हणजे राज्यभर वीज पोचवणारं जाळं, पूर्ण कोसळण्यापासून आम्ही ४ मिनिटं ३७ सेकंद लांब होतो. राज्याच्या हिशेबाने २४६ माणसं गेली.

आता ‘वॉशिंग्टनकडे कमी, राज्यांकडे जास्त’. टेक्सासने आपली ग्रिड मुद्दाम इतर राज्यांपासून बरीचशी वेगळी ठेवलीय, केंद्राचे नियम लागू नयेत म्हणून. २०११ मध्येही अशीच थंडी पडली होती, आणि त्यानंतर केंद्राच्या अहवालात थंडीचा बंदोबस्त करा असं लिहिलंही होतं. सक्ती नव्हती. नाही केला.

मी तेव्हाही रिपब्लिकनांना मत देत होतो, अजूनही बहुतेक वेळा देतो. पण ‘राज्यांकडे जास्त’ हे वाक्य मला आता बाथटबमधल्या बर्फासकट ऐकू येतं.

सडेतोड:

झालं, लिबरलांचं रडगाणं सुरू. एका फोटोवरून उजव्यांना खोटारडे ठरवताय, मग दुसरी बाजू? कोव्हिडचा विषाणू प्रयोगशाळेतून सुटला असेल असं २०२० मध्ये कुणी म्हटलं की थेट वेड्यात काढायचे. विषाणू मानवनिर्मित असल्याच्या पोस्टी फेसबुक मे २०२१ पर्यंत काढून टाकत होतं. मग एक दिवस हवा बदलली आणि तोच विषय चर्चेला योग्य झाला. माफी कुणी मागितली? विश्वास उडाला तर दोष लोकांचा का?

ह्यूस्टनकर, तुमचं वाचून वाईट वाटलं, हे मात्र खरं.

तळटीप:

मीडियावर बोलताय तर एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून. १९४९ पासून अमेरिकेत ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ नावाचा नियम होता: रेडिओ-टीव्ही परवाना घेतला की वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू ऐकवायच्या. १९८७ मध्ये तो गेला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून वाचवायचा प्रयत्न केला, रेगननी व्हेटो केला. पुढच्याच वर्षी उजव्या विचारांच्या रश लिंबॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला.

यावरून ‘नियम गेला आणि मीडिया बिघडला’ असं डाव्यांकडून हमखास ऐकायला मिळतं. पण तो नियम हवेतून प्रक्षेपण करणाऱ्यांपुरता होता. केबलला लागू नव्हता. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी दोन्ही आली ती केबलवर. नियम राहिला असता तरी ती तशीच चालली असती.

सडेतोड, माफीबद्दल म्हणाल तर उजव्या बाजूलाही मागून मिळत नाही, कोर्टातून वसूल होते: एप्रिल २०२३ मध्ये मतदानयंत्रांत घोळ झाल्याच्या खोट्या दाव्यांच्या प्रकरणात फॉक्सने ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीशी तडजोड केली, ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन.

निळी शाई:

चार विषय काढलेत, आणि चौथ्यावर अजून एकाही पुरुषाने हात घातलेला नाही. वीज आणि टीव्ही कसं सुरक्षित!

मी घालते. लग्न करून एच-४ व्हिसावर आले, म्हणजे नोकरीसाठी इथे आलेल्याच्या बायकोला मिळतो तो. आधी चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेलं. इथे नोकरीची परवानगी नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही. टॅक्सच्या फॉर्मसाठी एक वेगळा आकडा मिळाला, तेवढीच सरकारदरबारी माझी ओळख. डॉक्टरकडे पहिला फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी पेन थांबलं. नवऱ्याने ते हळूच माझ्या हातातून घेतलं आणि ‘होममेकर’ लिहिलं. सात वर्षं मी तो शब्द सगळीकडे लिहिला. अक्षर माझं, शब्द त्याचाही नाही, इमिग्रेशनचा.

उंबरठा, घर चालवणं हे काम आहे, शंभर टक्के मान्य. धाकटीच्या वेळची ती वर्षं मला परत कुणी दिली तर घेईनही. पण ‘निवडलं’ आणि ‘दुसरं काही करता येत नव्हतं’ यांचं चित्र बाहेरून एकसारखंच दिसतं: दुपारी घरात असलेली बाई. ते बघून तुमच्या गटाने म्हणावं, बघा किती समाधानी. आणि चौकससाहेबांच्या गटातल्या मैत्रिणींनी मला विचारावं, ‘कंटाळत नाहीस?’ दोघांचाही राग यायचा, दुसऱ्यांचा जरा जास्त.

पण काम आहे म्हणता तर मोल कुठंय? १९७१ मध्ये देशभर पाळणाघरांचं विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं, निक्सननी व्हेटो केला, कुटुंब मोडेल म्हणून. बरं, आईने घरीच राहावं, मग बाळंतपणाची रजा? थोरल्या बुशनी विधेयक दोनदा व्हेटो केलं. १९९३ मध्ये कायदा झाला तो १२ आठवड्यांचा, बिनपगारी, आणि तोही सगळ्यांना नाही. पूजा करायची आणि दक्षिणेच्या वेळी खिसे चाचपायचे.

फिलिस श्लाफ्लाय यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. समान हक्कांची घटनादुरुस्ती १९७२ मध्ये काँग्रेसने मंजूर केली, ३८ राज्यं हवी होती, १९८२ ची मुदत संपली तेव्हा ३५ वर अडकली होती, त्यामागे या बाईंची मोहीम. सहा मुलांची आई. दोनदा काँग्रेसची निवडणूक लढवली, मोहीम चालू असतानाच १९७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली. भाषणाच्या सुरुवातीला नवऱ्याचे आभार मानायच्या, येऊ दिल्याबद्दल, समोरच्या स्त्रीवाद्यांना डिवचायला. बायकांनी घरात राहावं हे सांगायला बाई गावोगाव फिरल्या. मला त्या आवडतात, खोटं कशाला बोलू. फक्त त्यांनी जे केलं ते करायचं, जे सांगितलं ते नाही.

उंबरठा:

निळी शाई ताई, बिनपगारी रजेबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडचे बरेच जण आता पगारी रजेच्या बाजूने बोलतात, पण उशिरा सुचलेलं शहाणपण आहे ते.

एक मात्र सांगतो. मोल अगदीच नाही असं नाही. सोशल सिक्युरिटीत १९३९ पासून पत्नीचा वाटा आहे. तिने एक दिवसही नोकरी केली नसली तरी नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्म्यापर्यंत तिला वेगळी मिळते. घरचं काम हेही काम, हे तिथे कागदावर आहे.

निळी शाई:

आहे. आणि त्याच कागदावर खाली हेही आहे की घटस्फोट झाला तर लग्न दहा वर्षं टिकलेलं हवं. नऊ वर्षं अकरा महिने घर सांभाळलं तर त्या वाट्यातलं शून्य. काम केलं म्हणून मिळतं की बायको राहिली म्हणून?

उंबरठा:

हं. ह्यावर उद्या लिहितो.

सहज विचारतो, राग मानू नका. २०१५ मध्ये एच-४ वाल्यांपैकी काहींना नोकरीची परवानगी मिळाली, तेव्हा तुम्ही काय केलंत?

निळी शाई:

राग कसला. कार्ड हातात आल्यावर दोन महिन्यांत नोकरी धरली. अर्धवेळ. धाकटीची शाळेची बस तीनला यायची, मी पावणेतीनला कोपऱ्यावर. पूर्णवेळची ऑफर होती, नाही घेतली. नवऱ्याने घे म्हटलं होतं.

आता तुम्ही आणि चौकस मिळून ठरवा हे कुणाच्या गाठोड्यात टाकायचं. मला मीटिंग आहे.