‘सनदी’ कोण आणि ‘मुख्यालय’ कुठलं? संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांसाठी मराठी शब्द

रेवा
संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींवरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘इंटरनॅशनल सिव्हिल सर्व्हंट’साठी ‘आंतरराष्ट्रीय सनदी सेवक’ लिहिलं, तर संपादकांनी त्यावर रेघ मारली. शिवाय ‘ड्यूटी स्टेशन’, ‘हार्डशिप’, ‘स्टाफ युनियन’, ‘पोस्ट ॲडजस्टमेंट’ हे सगळं आहेच. कोशातले प्रतिशब्द हाताशी आहेत, पण ते कुणाच्या तोंडी ऐकलेले नाहीत.

दप्तरी
रेघ बरोबर मारली, पण ‘सनदी’ इतका चुकीचाही नाही. ईस्ट इंडिया कंपनीशी करार लिहून नोकरीत शिरणारे ते सनदी. करार गेला, कंपनी गेली, शब्द आयएएसवाल्यांना चिकटून राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या चार्टरला तर आपण मराठीत सनदच म्हणतो, आणि तिच्या १०० व्या कलमात या लोकांची नोकरी बांधलेली आहे: कुठल्याही सरकारकडून आदेश मागायचे नाहीत, दिले तर घ्यायचे नाहीत. सरकारांवरही बंधन आहे, आपल्या देशाचा माणूस तिथे आहे म्हणून त्याच्यावर वजन टाकायचं नाही. त्या हिशेबानं खरे सनदी हेच.

अडचण वेगळी आहे. मराठीत सनदी म्हटलं की साहेबच दिसतो. हे १०० वं कलम मात्र नैरोबीतल्या ड्रायव्हरलाही लागू आहे आणि न्यूयॉर्कमधल्या संचालकालाही. म्हणून ‘आंतरराष्ट्रीय कर्मचारी’ लिहा. शांतिसेनेचा विषय आला तर तेवढ्यापुरतं ‘मुलकी कर्मचारी’ करा, कारण तिथे फरक दाखवावाच लागतो. निळ्या टोपीतला जवान आपापल्या देशाच्या सैन्याचा असतो, संयुक्त राष्ट्रांचा कर्मचारी नव्हे. त्याचा पगार, शिस्त, पेन्शन सगळं मायदेशाकडे.

माणदेशी
‘हार्डशिप ड्यूटी स्टेशन’ला मराठीत तयार शब्द आहे आणि तो झेडपीच्या कुठल्याही मास्तरला विचारा: ‘अवघड क्षेत्र’. बदल्यांच्या शासन निर्णयात २०१७ पासून सर्वसाधारण क्षेत्र आणि अवघड क्षेत्र अशीच विभागणी आहे. अवघडमध्ये कुठली गावं घालायची यावरून दर बदलीच्या हंगामात भांडणं होतात. संयुक्त राष्ट्रांतही श्रेण्या आहेत ना?

दप्तरी
आहेत. मुख्य कार्यालयांची शहरं आणि तशीच सोयीची ठिकाणं ‘एच’ मध्ये, बाकीची ‘ए’ ते ‘ई’, ‘ई’ सगळ्यात वाईट. सुरक्षितता, दवाखाना, हवामान, घर, एकटेपणा असं सगळं पाहून श्रेणी ठरते आणि त्यावर भत्ता. ‘अवघड ठिकाण’ फक्कड बसतं. रेवा, हाच घ्या. ‘कष्टप्रद कार्यस्थान’ वगैरे कृपा करून नको.

सातारकर
जिथे बायकोमुलांना न्यायची परवानगीच नसते त्या ‘नॉन-फॅमिली’ ठिकाणांना काय म्हणणार? आमच्याकडे घरटी एक जण फौजेत. ‘पीस’ला बदली झाली तर कुटुंब बरोबर जातं, ‘फील्ड’ला गेला तर एकटाच. ‘फॅमिली नाही तिथे’ असंच बोलतात.

रेवा
‘कुटुंबाविना नेमणूक’ लिहिते. आणि ‘ड्यूटी स्टेशन’ नुसतं ‘मुख्यालय’ चालेल का? तलाठी, ग्रामसेवक यांनी ‘मुख्यालयी राहावे’ असं आपण वाचतोच.

दप्तरी
इथे मात्र घसराल. आपल्या सरकारी मराठीत तलाठ्याचं मुख्यालय म्हणजे त्याचा सज्जा. तुमचा वाचक ‘मुख्यालय’ वाचून न्यूयॉर्क समजेल आणि काबूलमधल्या कर्मचाऱ्याला ‘मुख्यालयी राहणे बंधनकारक’ हे वाक्य वाचून चक्रावेल. ‘नेमणुकीचं ठिकाण’ लिहा, लांब आहे पण सरळ आहे.

जिनिव्हावाली
मी या सगळ्याच्या शेजारी राहते, म्हणून ‘पोस्ट ॲडजस्टमेंट’वर बोलते. त्याला ‘महागाई भत्ता’ अजिबात म्हणू नका. महागाई भत्ता काळाप्रमाणे वाढतो. हा जागेप्रमाणे हलतो, आणि खालीही येतो. न्यूयॉर्क पायाभूत धरून बाकी शहरांत त्याच पगारात तेवढीच खरेदी व्हावी, हा हिशेब.

हा खाली येतो तेव्हा काय होतं ते इथे पाहिलं. २०१६ च्या राहणीखर्चाच्या पाहणीनंतर आंतरराष्ट्रीय मुलकी सेवा आयोगानं जिनिव्हाचा आकडा उतरवला. आधी ७ टक्क्यांहून जास्त कपात सुचली होती, ओरडा झाल्यावर ती ५ च्या आसपास आली. २०१८ च्या मार्चमध्ये पाले दे नास्यों मध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या कार्यालयात, कामबंद झालं. मग दावे. डब्ल्यूएचओ, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) अशा संस्थांचे कर्मचारी आयएलओच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात. त्यानं जुलै २०१९ मध्ये कपात रद्द केली: आयोगाला असा आकडा स्वतःच्या अधिकारात ठरवता येत नव्हता म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातले आणि निर्वासितांच्या उच्चायुक्तालयातले कर्मचारी दुसऱ्या न्यायाधिकरणाखाली येतात, तिथे त्यांचे दावे फेटाळले गेले. एकाच शहरात, एकाच ट्रामनं कामाला जाणाऱ्या, एकाच श्रेणीच्या दोघांना वेगळा पगार! मराठीत हा शब्द ‘पोस्ट ॲडजस्टमेंट’ असाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावा.

रेवा
‘ट्रिब्युनल’ला वर्तमानपत्रं ‘लवाद’ लिहितात. हरित लवाद वगैरे.

दप्तरी
लिहितात, पण लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून नेमलेला पंच. हे तसं नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी नोकराला ‘मॅट’ माहीत आहे, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. तोच शब्द घ्या. आणि लेखात एक गोष्ट आवर्जून सांगा. संयुक्त राष्ट्रांवर स्थानिक कोर्टात दावा लावता येत नाही, संस्थेला त्यापासून संरक्षण आहे. नोकरीवरून काढलं तर माणसानं जायचं कुठे? म्हणून ही न्यायाधिकरणं. राष्ट्रसंघानं १९२७ मध्ये स्थापलेलं पुढे १९४६ मध्ये आयएलओकडे आलं, संयुक्त राष्ट्रांनी आपलं १९४९ मध्ये उभं केलं. २००९ पासून तिथे दोन पायऱ्या आहेत, आधी तंटा न्यायाधिकरण आणि मग अपील.

आणि निकाल कागदावर राहिलेले नाहीत. मॅकार्थीच्या काळात, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट हुडकण्याची मोहीम चालली होती तेव्हा, अमेरिकेच्या सिनेट उपसमितीपुढे उत्तरं द्यायला नकार देणाऱ्या अमेरिकन कर्मचाऱ्यांना सरचिटणीस त्रिग्वे ली यांनी काढलं. न्यायाधिकरणानं त्यांतल्या काहींना भरपाई द्यायला सांगितलं, अमेरिका म्हणाली पैसे देऊ नका. आमसभेनं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागवलं. १९५४ मध्ये उत्तर आलं: निकाल बंधनकारक आहे, आमसभेला तो नाकारता येणार नाही. १०० वं कलम ज्यांच्यावर पहिल्यांदा खरोखर घासलं गेलं ते हे लोक.

माणदेशी
युनियन काय करत होती मग? आपल्याकडे मान्यताप्राप्त युनियन म्हटली की मालकाला तिच्याशी बोलावंच लागतं.

जिनिव्हावाली
‘मान्यताप्राप्त युनियन’ हा शब्द इथे सगळ्यात जपून वापरायला हवा. महाराष्ट्रात त्याला १९७१ च्या कायद्याचं वजन आहे, वाचक वाटाघाटी आणि करार गृहीत धरणार. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात नियमांनी दिलाय तो सल्लामसलतीचा हक्क. कर्मचारी आपले प्रतिनिधी निवडतात, प्रशासनाबरोबर संयुक्त समितीत बसतात, सेवाशर्तींवर मत मांडतात. पगाराची पद्धत मात्र आयोग आणि आमसभा ठरवतात. आयोगात १५ सदस्य, कर्मचाऱ्यांच्या महासंघांना तिथे बोलता येतं, मत देता येत नाही. १९५२ ची ‘फिक्सा’ त्या महासंघांपैकी जुनी. अपवाद आयएलओचा. तिथे स्टाफ युनियनशी २००० मध्ये मान्यतेचा करार झाला आणि सामूहिक करारही होतात. जगाला संघटना-स्वातंत्र्य शिकवणाऱ्या संस्थेला घरात वेगळं वागणं शोभलं नसतं, हे माझं मत.

दप्तरी
म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरांची ‘संयुक्त सल्लागार यंत्रणा’ जवळची. रेवा, सचिवालयाच्या संदर्भात ‘कर्मचारी प्रतिनिधी’ आणि ‘सल्लामसलत’, आयएलओच्या संदर्भात ‘युनियन’ आणि ‘वाटाघाटी’. दोन्हीकडे एकच शब्द वापरलात तर लेखातला मुद्दाच पुसला जाईल.

रेवा
ठरलं. एक राहिलं: ‘सेकंडमेंट’. ‘प्रतिनियुक्ती’च ना?

दप्तरी
मूळ खात्यात धारणाधिकार, म्हणजे आपल्या जागेवर परत यायचा हक्क, शिल्लक असेल तरच. राजीनामा देऊन मुदतीच्या करारावर गेलेल्याला ‘प्रतिनियुक्तीवर’ म्हणू नका. त्याचा करार संपला की परत यायला खातं नसतं, आणि मुदतवाढीची अपेक्षा धरू नये असं नियमातच लिहिलेलं असतं.