गो-कार्टचा मागचा डावा टायरच लवकर का संपतो? टायर फिरवायचे कसे?

कार्टवाला_सांगली
नमस्कार मंडळी. मुलगा १४ वर्षांचा आहे, रोटॅक्स ज्युनियर (मुलांच्या कार्ट रेसिंगचा एक वर्ग) चालवतो, मेकॅनिक मीच. मागचा डावा टायर बघता बघता झिजतो आणि उजवा बऱ्यापैकी शिल्लक असतो. काल व्हर्नियरच्या मागच्या काडीने रबरावर झीज बघायला जे बारीक खड्डे असतात त्यांची खोली मोजली, डावीकडे १.१ मिमी आली आणि उजवीकडे २.०. सराव करतो तो ट्रॅक क्लॉकवाइज आहे. दर वेळी नवा सेट घेणं परवडत नाही हो. आमचा टायरवाला म्हणतो कारसारखे पुढचे मागे करा, पण ते बसणार कसे? फिरवायची नेमकी पद्धत काय, सविस्तर सांगा.

स्पॅनर_११
पुढचे मागे होणारच नाहीत दादा, पुढचा टायर १०×४.५०-५ आणि मागचा ११×७.१०-५, रिमच वेगळी. कार्टमध्ये फिरवायचं ते फक्त डावं-उजवं.

क्लॉकवाइज ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यामुळे जास्त भार डाव्या बाजूवर जातो, म्हणजे डावा थोडा जास्त झिजणारच. फिरवताना दोन प्रकार आहेत, ते नीट समजून घ्या. अख्खं चाक उचलून दुसऱ्या बाजूला लावलं तर टायर उलट दिशेने फिरतो, पण आतली कड आतच राहते. टायर रिमवरून काढून, उलटा बसवून दुसऱ्या बाजूला नेला तर फिरण्याची दिशा तीच राहते आणि बाहेरची कड आत येते. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर दुसराच प्रकार करा, आणि रेसच्या दिवशी बाणाबद्दल, रेससाठी नोंदवलेल्या टायरबद्दल नियम काय आहे ते आधी विचारून घ्या, सरावात कुणी अडवत नाही पण तिथे तपासतात.

टायर चढवताना साबणाचं पाणी भरपूर लावा. टायरची कड रिमवर बसत नाही म्हणून हवा मारत सुटू नका, कंपनीने दिलेल्या मर्यादेत बसली नाही तर हवा सोडून परत पाणी लावा. हात-तोंड लांब ठेवा, हे मनापासून सांगतोय.

पिटलेन_नाशिक
फिरवायच्या आधी एक विचारतो, डाव्या टायरची कुठली कड गेलीय? आतली, मधली की बाहेरची? तीन ठिकाणी मोजा, एका जागी मोजून काही कळत नाही. मध्ये जास्त झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी. फक्त बाहेरची गेली असेल तर एक तर गाडी त्या बाजूला घसरतेय नाहीतर वजन बिघडलंय.

कार्टला डिफरेन्शियल (वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, मागचा अ‍ॅक्सल सलग. म्हणून वळणात आतलं मागचं चाक थोडं उचललं गेलं पाहिजे. ते उचललं नाही तर दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरत रस्त्यावर घासत राहतात आणि रबर फुकट जातं. मुलाला सीटवर बसवून, हेल्मेट-सूट सगळं घालून चार वजनकाट्यांवर गाडी उभी करा, डावं-उजवं किती पडतं ते बघा. आमच्याकडे एकदा सीट बदलल्यावर बोल्ट जरा सरकून बसले होते आणि महिनाभर आम्ही टायरलाच दोष देत होतो. कारण न शोधता टायर फिरवत राहिलात तर दोन्ही टायर सारखेच लवकर संपतील, बचत काहीच होणार नाही.

अजून एक, सेशन संपल्यावर ट्रॅकवरचे रबराचे गोळे टायरला चिकटलेले असतात आणि खड्ड्यांतपण भरतात. ते खरवडून काढल्याशिवाय मोजू नका, चुकीचा आकडा येतो.

कार्टवाला_सांगली
दोघांचे खूप आभार. आज सकाळी पुन्हा मोजलं, खरवडून, तीन ठिकाणी. डाव्याची बाहेरची कड ०.८, मध्ये १.२, आत १.५. वजनात डावं-उजवं फक्त दीड किलोचा फरक, म्हणजे सीट ठीक आहे.

पण दुसरीच गोष्ट सापडली. सकाळी गाडी तंबूच्या कडेला उभी असते, डावी बाजू उन्हात आणि उजवी सावलीत. मी हवा तेव्हाच लावतो, चारही चाकांना ११ पीएसआय. डावा टायर हाताला गरम लागत होता. गाडी पूर्ण सावलीत घेऊन अर्धा तास थांबलो आणि परत गेज लावलं, डावा मागचा साडेनऊ! म्हणजे इतके दिवस डावीकडे हवा कमीच होती.

पिटलेन_नाशिक
हे तर मलाही सुचलं नसतं. आता सगळे थंड टायर सावलीत एकाच वेळी भरा, सेशन संपल्यावर पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवतो तिथे) आल्या आल्या परत गेज लावा, आणि दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा. डावा-उजवा गरम असताना किती वाढतो ते तीन-चार सेशन बघा, मग ठरवा. मागचे दोन टायर मात्र आत्ताच डावा-उजवा आपापसात बदलून घ्या, बाहेरची कड आत येईल असे, पहिले काही लॅप गाडी वेगळी वाटेल, मुलाला सांगून ठेवा.

कार्टवाला_सांगली
रविवारी करतो, आकडे इथेच टाकतो.